पूररेषेचा स्पर्शफलक : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

पुण्याच्या शनिवार पेठेत नदीच्या बाजूला असलेल्या एका वाड्याच्या भिंतीवर, धरण फुटून आलेल्या पानशेतच्या पुराची खूण आहे. काळ्या रंगातली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली ‘१२-७-६१’ एवढाच मजकूर. रंग पुष्कळसा उडाला आहे, आणि वाडामालकांनी भिंतीची दुरुस्ती काढली असल्यामुळे ही खूण पुसली जाण्याआधी तेथे कायमचा स्मृतिफलक बसवावा, असे पेठेतील काही रहिवाशांनी ठरवले. त्यासाठी आज पहिली बैठक झाली. पितळी पत्रा की काळा दगड, एवढ्यावरच बैठक आटोपेल अशी सर्वांची समजूत होती. परंतु समितीतील एक ज्येष्ठ सदस्य जन्मांध आहेत. त्यांनी विचारले की रेघ डोक्यावर आहे हे मी लहानपणापासून ऐकतो, पण ती नेमकी किती वर आहे हे मला कोणत्या मार्गाने कळणार आहे? याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

त्यामुळे आज एकच ठराव झाला. हा फलक पाहणाऱ्यांसाठी करून त्याच्या कोपऱ्यात ब्रेलची ओळ डकवायची, असे होणार नाही. पाण्याची उंची हातालाही कळली पाहिजे, ही पहिली अट धरूनच आराखडा होईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सुगम असणे अपेक्षित आहेच, आणि सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा केंद्राचा नियम सर्वोच्च न्यायालयाने कालच रद्दबातल ठरवला. आमच्यासारख्या लहान कामावर त्याचा लगेच परिणाम होणार नाही, तरी परवानगीच्या अर्जात त्याचा उल्लेख करावा असे ठरले. निवडणुकीची आचारसंहिता चालू असल्याने अर्ज महिनाअखेरीस दाखल होईल.

२४ नोव्हेंबर २०२४

आज उंची मोजली. गवंड्याची पाण्याची नळी, ओळंबा आणि पोलादी टेप एवढी साधने पुरली. सध्याच्या पदपथापासून रेघेची उंची २.१० मीटर भरली. मात्र हा आकडा फलकावर जसाच्या तसा लिहिणे चुकीचे ठरेल, कारण १९६१ चा रस्ता आज आहे त्या पातळीवर नव्हता. वाड्याच्या दरवाजाला पूर्वी तीन पायऱ्या होत्या आणि आज एकच उरली आहे. डांबराचे थरावर थर चढत गेले आणि खालच्या दोन पायऱ्या पोटात गेल्या. भिंतीलगत वाडामालकांच्या परवानगीने थोडे उकरले तेव्हा दोन्ही पायऱ्या शाबूत सापडल्या आणि त्यांची मिळून उंची ४० सेंटिमीटर निघाली. म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने पाणी सुमारे अडीच मीटर चढले होते.

शहरातल्या पूरखुणांबाबत हा मुद्दा सहसा लक्षात घेतला जात नाही. रस्ता वर येत राहतो आणि खूण दर पिढीला थोडी बुटकी दिसू लागते. आणखी ५० वर्षांनी ही रेघ छातीपर्यंत आली तर पाहणाऱ्याला वाटेल की पूर फारसा मोठा नव्हता. म्हणून फलकावरची उंची रस्त्यावरून न देता वाड्याच्या दगडी जोत्याच्या वरच्या कडेपासून द्यावी, आणि त्या कडेवर छिन्नीने एक छोटी खूण करून ठेवावी, असे ठरले. जोते हलत नाही.

१५ डिसेंबर २०२४

मजकुरावर दुपारभर चर्चा झाली. ब्रेलचे गणित आधी मांडले, म्हणजे वाद आपोआप आखडतील, अशी सूचना आली आणि ती उपयोगी ठरली. ब्रेलच्या एका खणापासून, म्हणजे ठिपक्यांच्या एका चौकटीपासून, दुसऱ्या खणापर्यंत सुमारे ६ मिलिमीटर आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत सुमारे १० मिलिमीटर अंतर लागते. ठिपके लहान करून जागा वाचवता येत नाही, कारण बोटाचे टोक लहान करता येत नाही. ३६ खणांची ओळ धरली तर २१६ मिलिमीटर रुंदी होते आणि मराठीत तेवढ्यात जेमतेम चार शब्द बसतात. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना प्रत्येकी स्वतंत्र खण लागतो आणि जोडाक्षरासाठी आणखी एक. चाळीस शब्दांचा मजकूर दहा ओळी खातो. त्याहून लांब मजकूर उभ्याने वाचणे कोणालाही त्रासाचेच, मग तो डोळ्यांनी वाचायचा असो वा बोटांनी.

चाळीस शब्दांत काय घ्यायचे? १२ जुलै १९६१, बुधवार, ही तारीख निर्विवाद आहे. आंबी नदीवरचे, अजून बांधकाम पूर्ण न झालेले पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले, तो लोंढा खडकवासल्यात आला, खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी भगदाड पडून रिकामे झाले आणि मुठा नदीचे पाणी पेठांमध्ये शिरले, हा क्रमही निर्विवाद आहे. मृतांचा आकडा मात्र तसा नाही. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिले जातात आणि प्रत्येक घरात आपापला आकडा सांगितला जातो. फलक एकदा बसला की त्यावरचा आकडा पुढे खराच मानला जाईल, म्हणून तो घालायचा नाही, असे बहुमताने ठरले. चौकशीचा इतिहासही सोडला. न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग, त्यांचा मृत्यू आणि पुढे न्यायमूर्ती नाईकांचा आयोग हा विषय एका वाक्यात उरकण्यासारखा नाही. तो ध्वनिफितीत येईल. त्याच फितीत आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांचा, नंतर घरोघरी कोरड्या पडलेल्या नळांचा आणि पूरग्रस्तांसाठी वसलेल्या लोकमान्यनगर, गोखलेनगर या वस्त्यांचाही उल्लेख असेल. नळांची गोष्ट तरुण सदस्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. शहराला पाणी पुरवणारा तलावच वाहून गेल्यावर घरात चिखल आणि नळात ठणठणाट अशी अवस्था होती, आणि वाड्यांतल्या विहिरी पुन्हा वापरात आल्या.

छापील मजकूर मराठीत आणि त्याखाली इंग्रजीत दोन ओळी. हिंदीही हवी, असा आग्रह होता. तीन भाषा घेतल्या तर अक्षर २५ मिलिमीटरवरून पंधरावर आणावे लागते, हे कागदावर छापून भिंतीला लावून दाखवल्यावर आग्रह मागे घेण्यात आला.

५ जानेवारी २०२५

ब्रेलचा पहिला कागदी नमुना आला आणि आमच्या ब्रेल तपासणाऱ्या बाईंनी पहिल्याच वाचनात तो परत केला. ‘शिरले’ या शब्दाच्या जागी ‘इशरले’ उमटले होते आणि ऱ्हस्व वेलांटी असलेला प्रत्येक शब्द असाच उलटा झाला होता. कारण शोधताना असे आढळले की छपाई करणाऱ्याने मजकूर युनिकोडमध्ये न घेता जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित केला होता. त्या पद्धतीत वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवली जाते. ब्रेलमध्ये मात्र ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर यावी लागते. डोळस तपासणाऱ्याला हे कदापि कळले नसते, कारण त्याला ठिपके सारखेच दिसतात. सार्वजनिक ठिकाणच्या ब्रेल पाट्यांवर अशा चुका वर्षानुवर्षे तशाच राहतात, काही पाट्या तर उलट्याही बसवलेल्या असतात, असे बाईंनी सांगितले.

यापुढे धातूवर काम चढवण्यापूर्वी कागदी नमुना, प्लास्टिकचा नमुना आणि प्रत्यक्ष पत्रा अशा तिन्ही टप्प्यांवर ब्रेल जाणणाऱ्या दोन स्वतंत्र व्यक्तींची सही घ्यायची, हे करारपत्रात लिहिले.

२ फेब्रुवारी २०२५

आज हाताने चाचपायच्या उठावचित्राच्या नमुन्याची चाचणी झाली आणि या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी दिवस हाच म्हणावा लागेल. मूळ प्रश्नावर दोन उपाय एकत्र वापरायचे आहेत. भिंतीवर पदपथापासून पूररेषेपर्यंत एक उभी पोलादी पट्टी बसेल. उभा माणूस तिच्यावरून हात वर नेत शेवटच्या आडव्या दांडीपर्यंत पोचू शकेल. पण व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा किंवा लहान मुलाचा हात सव्वा मीटरच्या आसपास थांबतो, आणि पुराची उंची कळण्याची गरज त्यांनाही तेवढीच आहे. त्यासाठी भिंतीलगतच्या तिरप्या फलकावर एकास दहा या प्रमाणात उठावचित्र असेल : वाड्याची भिंत, तिच्याजवळ उभी १६ सेंटिमीटरची मानवाकृती आणि तिच्या पायांपासून २५ सेंटिमीटरवर पाण्याची रेषा. जमिनीच्या रेषा दोन आहेत. सलग रेषा १९६१ ची आणि तिच्या ४ सेंटिमीटर वर तुटक रेषा आजची. माणूस सलग रेषेवर उभा आहे.

पहिल्या नमुन्यात शिल्पकाराने पाणी दाखवण्यासाठी लाटांच्या सुबक ओळी कोरल्या होत्या. चाचणीला आलेल्या चार दृष्टिहीन वाचकांपैकी तिघांनी त्या ओळींना घाटाच्या पायऱ्या म्हटले, आणि नदीकाठच्या फलकावर असा समज होणे अगदी साहजिक आहे. चौथ्याने कौले म्हटले. डोळ्याला लाट म्हणून ओळखू येणारा आकार बोटाला लाट वाटत नाही. आता पाण्याचा सगळा भाग गुळगुळीत ठेवायचा आणि केवळ वरची कड एका जाड रेषेने उचलायची. मानवाकृतीचे धोतर, टोपी, चेहरा हे तपशीलही काढले; बोटाला डोके, खांदे आणि पाय एवढे लागले की माणूस ओळखू येतो. शिल्पकाराला हे थोडे जड गेले. दुसऱ्या नमुन्यावर वाचणाऱ्यांचा हात पायांपासून डोक्यावर गेला, तेथे थांबला आणि मग आणखी वर रेषेपर्यंत गेला, तेव्हा त्यानेही तक्रार सोडली.

उभ्या पट्टीबाबतही एक बदल सुचला. २.१० मीटरवर हात ताणून ब्रेल वाचता येत नाही, म्हणून वर मजकूर द्यायचा नाही. त्याऐवजी पट्टीवर १.२० मीटरला एक बाण आणि ‘वर आणखी ९० सें.मी.’ असे छापील व ब्रेल दोन्हींत असेल. रस्ता पुढे वाढला तर बाण हाताच्या मानाने खाली जाईल आणि तो वर सरकवला की आकडाही बदलावा लागेल, म्हणून तो भाग स्क्रूने बदलता येण्याजोगा ठेवला आहे.

१६ मार्च २०२५

फलक ज्यावर बसतो त्या घोडीच्या आराखड्यात दोन गरजा परस्परांवर आदळल्या. व्हीलचेअर समोरून आत यावी तर फलकाखाली गुडघ्यांना जागा हवी, म्हणजे साधारण ७०० मिलिमीटर उंचीपर्यंत मोकळे हवे. पांढरी काठी वापरणाऱ्याला मात्र अशी अधांतरी वस्तू धोक्याची असते, कारण काठी खालून निघून जाते आणि धातूची कड पोटात लागते. घोडी पदपथाच्या मधोमध ठेवली असती तर यावर उत्तर नव्हते. ती भिंतीला पाठ लावून ठेवल्याने पाठीमागून कोणी येत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जमिनीपर्यंत आणल्या की पदपथावरून भिंतीच्या कडेने येणाऱ्याच्या काठीला त्या आधी लागतात. पुढून मोकळे, बाजूंनी बंद, असा आकार ठरला. उभी पट्टी भिंतीपासून केवळ १५ मिलिमीटर पुढे येते, त्यामुळे ती कोणाला लागण्याचा प्रश्न नाही.

पदपथाची कड १५० मिलिमीटर उंच आहे. व्हीलचेअरसाठी एकास बाराचा उतार काढायचा तर १.८० मीटर लांबी लागते आणि पदपथाची रुंदीच तेवढी आहे. उतार संपला की खुर्ची थेट भिंतीवर. म्हणून फलकासमोरचा पदपथच दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली उतरवून रस्त्याच्या पातळीला आणावा, असा पर्याय पालिकेच्या अभियंत्यांनी सुचवला. जोते आणि पट्टीचा भाग त्यात येत नाही.

दुचाकींचे काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. खांब रोवले तर ज्या फटीतून व्हीलचेअर जाते तिच्यातून स्कूटर आरामात जाते, आणि स्कूटर अडवणारी फट ठेवली तर व्हीलचेअरही अडते. शेजारच्या दुकानदारांनी आपल्या गिऱ्हाइकांना सांगण्याची जबाबदारी घेतली आहे. पुण्यात याहून मोठी हमी मिळणे अवघड.

१३ एप्रिल २०२५

तीन धातूंचे आणि एका दगडाचे नमुने आठवडाभर उन्हात ठेवून पाहिले. पितळेला दुपारी हात लावता येत नव्हता आणि काळा ग्रॅनाइटही तसाच तापला. पोलादही तापते, परंतु सावलीत आले की लवकर निवते. कोणताही धातू निवडला तरी सावली लागणारच, हे उघड झाले. भिंत उत्तरेकडे तोंड करून असल्याने वर्षाचा बराच काळ ती आपोआप सावलीत असते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य पुण्याच्या माथ्याच्या उत्तरेला असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे १२ जुलैच्या आसपासही, फलकावर ऊन येऊ शकते. वाड्याच्या जुन्या लाकडी छज्जाची दुरुस्ती होणारच होती, तो एक हात पुढे वाढवण्यास मालकांनी संमती दिली. त्याने पागोळ्याही फलकाच्या पुढे पडतील.

ब्रेलचे ठिपके पत्र्यातून आम्लाने कोरून काढण्याऐवजी छिद्रे पाडून त्यांत पोलादी गोळ्या ठोकण्याची पद्धत घेतली. कोरलेल्या ठिपक्यांच्या कडा बोटाला खरखरीत लागतात. गोळीचा माथा गोल असतो आणि एखादी निघाली तर तेवढीच बदलता येते. पत्र्याला चकाकी द्यायची नाही, कारण अल्पदृष्टी असलेल्यांना चकाकीत अक्षर हरवते.

२५ मे २०२५

पदपथाचे काम मेअखेरपर्यंत संपवायचे होते, पण यंदा पावसाने मेच्या उत्तरार्धातच गाठले. काँक्रीट ताडपत्रीखाली करावे लागले. स्पर्शफरशा बसल्या : पदपथावरून फलकाकडे नेणाऱ्या लांब पट्ट्यांच्या आणि फलकासमोर थांबा सांगणाऱ्या गोल उंचवट्यांच्या. ठेकेदाराच्या माणसांनी पहिल्या दिवशी दोन्ही प्रकार नक्षीसारखे आलटून पालटून लावले होते. संध्याकाळच्या तपासणीत ते उपटून पुन्हा बसवून घेतले.

१५ जून २०२५

घोडी व पट्टी बसली. वाड्याची भिंत भाजलेल्या विटांची आणि चुन्याची आहे. विटांमध्ये न ठोकता सगळे स्क्रू चुन्याच्या सांध्यांत घेतले, म्हणजे उद्या काढायची वेळ आली तर भिंतीला इजा होणार नाही. जुनी रंगाची रेघ पुसली नाही. तिच्यावर पारदर्शक लेप देऊन ती पट्टीच्या शेवटच्या दांडीच्या लगत तशीच राखली आहे.

क्यूआर चौकट फलकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे आणि तिच्या चारही कोपऱ्यांना उंचवटे दिले आहेत, नाहीतर दृष्टिहीन माणसाने फोन नेमका कोठे धरायचा हे त्याला कळत नाही. त्यातून मराठी ध्वनिफीत, तिचा लिखित मजकूर आणि भारतीय सांकेतिक भाषेतील, उपशीर्षकांसह चित्रफीत उघडते. चित्रफितीच्या कर्णबधिर सादरकर्त्यांनी आग्रह धरला की दोन धरणे आणि शहर यांचा नकाशा आधी दाखवावा, मग घटना सांगावी. तो क्रम ध्वनिफितीलाही लागू केला आणि ती बरीच सुटसुटीत झाली. गेल्या वर्षी २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले होते, त्याचा उल्लेख फितीत यावा की नाही यावर मतभेद होते. शेवटी एका वाक्यात तो ठेवला, कारण ऐकणाऱ्या मुलांना मुठेचे पाणी घरात येते म्हणजे काय हे त्यावरूनच माहीत आहे.

१२ जुलै २०२५

अनावरण सकाळी झाले. हार घालण्यासाठी भिंतीवर फलकापासून दूर एक वेगळी खुंटी दिली होती आणि हळदकुंकू व नारळ यांसाठी खाली पाट ठेवला होता. ब्रेलमध्ये कुंकू बसले की ते ब्रशनेही निघत नाही. पाहुण्यांनी हे समजून घेतले. एकाने तरी सवयीने हार फलकावर ठेवलाच, तो लगेच उचलला. मजकुराचे वाचन समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी ब्रेलवरून केले आणि मग भिंतीवरची पट्टी धरून हात वर नेला. दांडी लागल्यावर त्यांनी विचारले की जुन्या रस्त्यावरून अजून किती. चाळीस सेंटिमीटर, असे सांगितल्यावर त्यांनी कमरेपासून खाली हाताने अंदाज घेतला आणि उठावचित्रावरची तुटक रेषा पुन्हा एकदा तपासली. तुटक रेषेतली अंतरे थोडी जास्त हवी होती, असे त्यांचे मत पडले. पुढच्या फलकासाठी नोंद केली आहे.

१७ ऑगस्ट २०२५

मासिक तपासणी. ठिपके शाबूत. खालच्या कडेला गुटख्याचे डाग होते, ते साबणाच्या पाण्याने निघाले. आम्ल किंवा तारेची घासणी वापरायची नाही, हे सफाई करणाऱ्यास पुन्हा सांगितले. एका बाजूच्या पट्टीवर शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवलेली आढळली.

गणेशोत्सव २७ तारखेपासून आहे आणि मांडवाचा एक बांबू दरवर्षी नेमका फलकासमोरच्या पदपथावर येतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी जागेवर बोलणे झाले. बांबू पुढच्या खांबाजवळ सरकवण्यास आणि स्पर्शफरशांवर रोषणाईची वायर न टाकण्यास ते तयार आहेत. मांडव उभारताना समितीतील दोघांनी हजर राहावे, एवढीच त्यांची अट आहे.